युद्ध संपलं म्हणाले, मग फौज तिथे काय करत होती?

१ मे २००३. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'अब्राहम लिंकन' या विमानवाहू जहाजावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश वैमानिकाच्या पोशाखात उतरले. मागे भलामोठा फलक होता, 'मोहीम फत्ते' अशा अर्थाचा. इराकमधल्या मोठ्या लढाया संपल्या, असं त्यांनी जाहीर केलं. तोवर अमेरिकेचे साधारण १४० सैनिक मेले होते. शेवटची तुकडी डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडली तेव्हा हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास होता. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव सैनिक युद्ध 'संपल्यावर' मेले. इराकी माणसं किती मेली यावर तर आजही एकमत नाही. त्याकडे पुढे येऊच.

या साडेआठ वर्षांना वर्तमानपत्रं कधी 'इराक युद्ध' म्हणत, कधी 'इराकमधली परिस्थिती'. खरा शब्द तिसराच होता: लष्करी ताबा. हा शब्द नीट समजून घेतला की दोन कोडी सुटायला लागतात. एखादा ताबा 'यशस्वी' चाललाय की नाही, यावर शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं का भांडत राहतात? आणि फेब्रुवारी २००३ मध्ये जगभर रस्त्यावर उतरलेली शांतता चळवळ पाच-सहा वर्षांत एवढी रोडावली कशी? माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. युद्ध ही घटना असते. तिला तारीख असते, तिला 'नको' म्हणता येतं. ताबा ही स्थिती असते. रोज सकाळी उठावं तर ती तिथेच असते, आणि तिला 'नको' म्हणणाऱ्याला लगेच विचारलं जातं, "बरं, मग उद्या काय करायचं ते सांगा."

किल्ली हातात, घर दुसऱ्याचं

आपल्याकडे 'ताबा' म्हटलं की आधी फ्लॅटचा ताबा आठवतो. बिल्डरने किल्ली दिली, पेढे वाटले, घर आपलं झालं. आंतरराष्ट्रीय कायद्यातला ताबा नेमका उलटा आहे. किल्ली हातात असते, पण घर तुमचं नसतं.

१९०७ च्या हेग नियमांतलं कलम ४२ याची व्याख्या करतं. एखादा प्रदेश शत्रूच्या फौजेच्या अंमलाखाली प्रत्यक्षात आला की तो व्याप्त झाला. फौजेचा हेतू चांगला होता का, युद्ध मुळात कायदेशीर होतं का, हे प्रश्न इथे येत नाहीत. 'आम्ही ताबा घेतलेलाच नाही' असं म्हणूनही सुटका नाही. जमिनीवर हुकूम कोणाचा चालतो, एवढंच बघायचं. पुढचं कलम ४३ जबाबदारी सांगतं: लोकांची सुरक्षितता आणि व्यवहार सांभाळा, आणि अगदीच नाइलाज नसेल तर तिथले कायदे बदलू नका. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने यात भर घातली. अन्न-औषधांची सोय पाहा, माणसांना हुसकावून लावू नका, आपली माणसं तिथे नेऊन वसवू नका.

ज्यांनी सहकारी बँकेवर किंवा साखर कारखान्यावर प्रशासक बसलेला पाहिला आहे, त्यांना हे चटकन कळेल. संचालक मंडळ बरखास्त झालं, प्रशासक आला. त्याने पगार काढायचे, गाळप चालू ठेवायचं, हिशेब नीट ठेवायचे आणि निवडून आलेल्या मंडळाच्या हाती कारभार देऊन निघायचं. कारखाना दुसऱ्याच्या घशात घालणं हे काही त्याचं काम नव्हे. गंमत अशी की बगदादमध्ये अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांचं पदही 'प्रशासक' असंच होतं.

ब्रेमर १२ मे २००३ ला पोचले. २२ मे रोजी सुरक्षा परिषदेच्या ठराव १४८३ ने अमेरिका आणि ब्रिटन या इराकमधल्या कब्जेदार सत्ता आहेत हे नोंदवलं. दरम्यान ब्रेमर यांच्या हुकुमांना सुरुवात झाली होती. पहिला हुकूम: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळ्यांतले सगळे सरकारी नोकरीतून बाद. ज्या देशात पक्षाचा सदस्य झाल्याशिवाय बढती मिळत नसे, तिथे याची झळ हजारो शिक्षकांना, डॉक्टरांना, इंजिनिअरांना लागली. दुसरा हुकूम: सैन्य बरखास्त. साडेतीन-चार लाख माणसं, शस्त्र चालवण्यात तयार, आणि एका सहीने बेकार. महिन्याभराने त्यांना मानधन देऊ केलं गेलं, पण तोवर अपमान होऊन गेला होता. हुकूम ३९: तेल आणि बँकांसारखी काही क्षेत्रं सोडून बाकी धंद्यांत परदेशी कंपन्यांना शंभर टक्के मालकीची मुभा. हुकूम १७: परदेशी फौजा आणि त्यांचे कंत्राटदार यांना इराकी कोर्टांपासून संरक्षण. हा सतरा नंबर लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

प्रशासकाने एवढं सगळं करायचं असतं का? ब्रिटनचे ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी मार्च २००३ मध्येच आपल्या पंतप्रधानांना लेखी बजावलं होतं की सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय असे मूलभूत बदल करणं कायद्यात बसणार नाही. ठराव १४८३ ने ती परवानगी दिली की नाही, यावर कायदेपंडितांचा वाद आहेच. पण कलम ४३ मधलं पहिलं काम, सुरक्षितता, तर आधीच हातातून गेलं होतं. एप्रिलमध्ये बगदाद पडलं त्या आठवड्यात राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे १५ हजार वस्तू चोरीला गेल्या. दवाखाने, विद्यापीठं, मंत्रालयं धुऊन नेली गेली. तेल मंत्रालयाला मात्र अमेरिकी सैनिकांचा पहारा होता. हेग नियम कधीही न वाचलेल्या बगदादकरालाही त्यातून जे कळायचं ते कळलं.

कागदोपत्री हा ताबा २८ जून २००४ ला संपला. ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी, छोट्याशा कार्यक्रमात, जवळजवळ गुपचूप. जाण्याच्या आदल्या दिवशी हुकूम १७ सुधारून पुन्हा निघाला, म्हणजे ते संरक्षण ब्रेमर यांच्या मागेही चालू राहिलं. सव्वा लाखाहून जास्त अमेरिकी सैनिक जागेवरच होते. फरक इतकाच की आता ते 'इराकी सरकारच्या विनंतीवरून' होते. सातबाऱ्यावरचं नाव बदललं, बांधावर काठी घेऊन उभा असलेला माणूस तोच.

'आम्ही मुक्त करायला आलोय'

या कहाणीत आपल्याकडच्या माणसांचा एक जुना धागा आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी बसरा घेतलं ते हिंदी फौजेच्या सहाव्या डिव्हिजनने. तिचं नावच 'पूना डिव्हिजन'. ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने सरकत गेली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथे अडकली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. जवळपास पाच महिने घोड्याच्या मांसावर आणि घटत्या रेशनवर काढून एप्रिल १९१६ अखेर सगळ्यांनी शरणागती पत्करली, आणि कितीतरी जण तुर्कांच्या कैदेत गेले ते परत आले नाहीत. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत 'या गावातून इतके जण महायुद्धावर गेले' असं सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी इराकची वाळू पाहिली असणार.

मार्च १९१७ मध्ये बगदाद जिंकल्यावर जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला: आमच्या फौजा जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. तीन वर्षांनी, १९२० मध्ये, इराकभर उठाव झाला आणि तो मोडायला हिंदुस्थानातून आणखी पलटणी मागवाव्या लागल्या. २००३ मध्ये इराकी माणसाला 'आम्ही तुम्हाला मुक्त करायला आलोय' हे वाक्य नवं नव्हतं. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

मोजायचं कशानं?

ताबा ठीक चाललाय का, या प्रश्नाला सरकारं आकड्यांनी उत्तर देतात. इतक्या शाळा रंगवल्या, इतके पोलीस तयार केले, इतके हल्ले कमी झाले. आकडे खोटेच असतात असं नाही. पण कोणता आकडा निवडला, यातच अर्धं उत्तर दडलेलं असतं.

विजेचं घ्या. युद्धाआधी बगदादला दिवसाला १६ ते २४ तास वीज मिळे. २००६-०७ च्या सुमारास ती पाच-सहा तासांवर आली होती. बाहेर पन्नास अंशांपर्यंत जाणारा उन्हाळा. भारनियमनाची वर्षं काढलेल्या आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. युद्धाला विरोध करणारे हाच आकडा दाखवत, आणि बगदादपुरता तो बरोबरही होता. पण सद्दाम राजधानीला वीज देण्यासाठी बाकीचा देश अंधारात ठेवत असे. ताब्यानंतर वाटप बदललं आणि दक्षिणेतल्या काही भागांना आधीपेक्षा जास्त वीज मिळू लागली. म्हणजे 'वीज वाढली की घटली' याचं उत्तर तुम्ही कोणत्या शहरात उभे आहात यावर होतं. अमेरिकी अधिकारी देशाची एकूण निर्मिती सांगत, पत्रकार बगदादच्या हॉटेलमधल्या जनरेटरचा आवाज ऐकत लिहीत.

मेलेल्यांची मोजणी याहून अवघड. अमेरिकी लष्कराने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की आम्ही मृतदेह मोजत बसत नाही. मग दुसऱ्यांनी मोजले, आणि तीन पद्धतींनी तीन उत्तरं आली. मार्च २००३ ते जून २००६ हा एकच काळ धरला तर बातम्या आणि रुग्णालयांच्या नोंदींवरून मोजणाऱ्या 'इराक बॉडी काउंट'कडे पन्नास हजारांच्या आत-बाहेर नागरिक होते. जागतिक आरोग्य संघटना आणि इराकी आरोग्य मंत्रालयाच्या घरोघरच्या पाहणीने हिंसेतले सुमारे १ लाख ५१ हजार बळी सांगितले. आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००६ मध्ये छापून आलेल्या पाहणीने हिंसेचे सुमारे ६ लाख.

एवढी तफावत कशी? पहिली पद्धत म्हणजे कात्रणांची वही. ज्याची बातमी झाली तोच मोजला गेला. ज्या गावात बातमीदारच पोचला नाही, तिथला माणूस वहीत नाही. त्यामुळे हा आकडा 'किमान इतके' एवढंच सांगतो. बाकीच्या दोन पद्धती शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आहेत. काही ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडायची, तिथल्या घरांत विचारायचं आणि तिथून सबंध देशाचा अंदाज बांधायचा. भात एकसारखा शिजला असेल तर हे चालतं. पण इराकमधला भात तळाला करपलेला आणि वर कच्चा होता. एका गल्लीत दहा मुडदे आणि पलीकडच्या मोहल्ल्यात एकही नाही. 'लॅन्सेट'वाल्यांनी ४७ ठिकाणची साधारण १,८५० घरं पाहिली. इतकी थोडी ठिकाणं असली की चुकून करपलेली शितं जास्त हाती आली तर अंदाज फुगतो. त्यांची स्वतःचीच चुकीची मर्यादा सव्वाचार लाखांपासून जवळपास आठ लाखांपर्यंत पसरलेली होती. आरोग्य संघटनेच्या पाहणीत ९ हजारांवर घरं होती, पण सर्वांत धोकादायक अशा सुमारे दहाव्या हिश्श्याच्या ठिकाणी पाहणी करणारे जाऊच शकले नाहीत. तिथले आकडे त्यांना अंदाजाने भरावे लागले. म्हणजे इथे नेमकी करपलेलीच शितं सुटली.

माझा कल मधल्या आकड्याकडे आहे, कारण त्यात घरं जास्त आहेत. पण खरी गोष्ट दुसरीच. डिसेंबर २००५ मध्ये एका भाषणानंतर कोणीतरी विचारलं म्हणून बुश 'तीस हजार, थोडे कमी-जास्त' असं म्हणाले होते. आपल्या ताब्यातल्या प्रदेशात किती माणसं मेली, हे कब्जेदार सत्तेला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची घाईही नव्हती. मूल्यमापनाच्या वहीत मला ही नोंद कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी वाटते.

निवडणुका झाल्या, हे खरं. जानेवारी २००५ मध्ये बॉम्बच्या सावटाखाली लाखो लोकांनी बोटाला जांभळी शाई लावून घेतली. तो दिवस कमी लेखायचं कारण नाही. पण त्यातून पंथानुसार पडलेली मतंही निघाली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये समारातल्या शिया दर्ग्याचा सोनेरी घुमट उडवल्यावर शिया-सुन्नी कत्तली उघड सुरू झाल्या. वीस लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली, तेवढीच किंवा त्याहून जास्त देशातच बेघर झाली.

मग २००७ मधली जादा कुमक. बुश यांनी सुमारे तीस हजार सैनिक वाढवले आणि वर्षभरात हिंसा ठळकपणे उतरली. समर्थकांच्या लेखी हे यशाचं सर्टिफिकेट. पण त्याच काळात सुन्नी टोळीप्रमुखांनी अल-कायदाविरुद्ध शस्त्र उचललं होतं, त्यांच्या माणसांना अमेरिका पगार देत होती. शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांनी ऑगस्टमध्ये आपल्या सशस्त्र सेनेला थांबवलं होतं. आणि बगदादचे मिश्र मोहल्ले तोवर बऱ्याच अंशी साफ झाले होते, मधे काँक्रीटच्या उंच भिंती उभ्या होत्या. मारायला शेजारी उरला नाही, म्हणूनही खून कमी होतात. कशाचा वाटा किती, हे अजून कोणाला नक्की वेगळं काढता आलेलं नाही.

राहिला एक मापदंड, जो सर्वांत साधा आणि सर्वांत कमी वापरला गेला: ज्यांच्या घरात फौज आहे त्यांना विचारणं. सप्टेंबर २००६ मधल्या एका जनमत पाहणीत दहातल्या सात इराकींनी एका वर्षाच्या आत फौजा जाव्यात असं सांगितलं. दहातल्या सहांना त्या फौजेवरचे हल्ले मान्य होते. आणि त्याच पाहणीत दहातले सहा जण असंही म्हणाले की एवढे हाल झाले तरी सद्दामला हटवलं ते बरंच झालं. हे विसंगत नाही. गावगुंडाला हाकलल्याबद्दल तुमचे आभार, आता तुम्हीही अंगणातून उठा. पण वॉशिंग्टनमधल्या दोन्ही बाजूंना यातलं अर्धंच वाक्य ऐकू येत होतं. शिवाय इराकी माणूस एक नव्हता. कुर्दांना अमेरिका राहिलेली हवी होती, सुन्नींना ती आली तेव्हापासून नको होती.

चळवळ कुठे अडखळली

१५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातल्या सुमारे ६०० शहरांत मोर्चे निघाले. लंडनमध्ये पोलिसांच्या हिशेबाने साडेसात लाख, रोममध्ये त्याहून कितीतरी जास्त. युद्ध सुरू होण्याआधी इतका मोठा विरोध जगाने पाहिला नव्हता. पाच आठवड्यांनी बॉम्ब पडलेच.

ही चळवळ फुकट गेली असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. १ मार्च २००३ ला अंकारामध्ये बाहेर प्रचंड निदर्शनं चालू असताना तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकी फौजेला वाट देण्याचा ठराव थोडक्या मतांनी पडला आणि उत्तरेकडची आघाडी गेली. स्पेनमध्ये २००४ ला सत्ता पालटली आणि तिथले १,३०० सैनिक परत आले. दिल्लीत ८ एप्रिल २००३ ला लोकसभेने ठराव केला तेव्हा अध्यक्षस्थानी मनोहर जोशी होते. 'निंदा' हा हिंदी शब्द ठेवायचा आणि इंग्रजीत त्याला मवाळ प्रतिशब्द द्यायचा, अशी तडजोड त्यात निघाली. विरोधकांना निषेध दिसला, सरकारला फक्त खेद. पुढे अमेरिकेने उत्तर इराकसाठी जवळपास एक डिव्हिजन मागितली, तेव्हा वाजपेयी सरकारने जुलैमध्ये नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर पाहू, असं सांगितलं. पूना डिव्हिजनच्या नातवंडांना पुन्हा बसऱ्याला जावं लागलं नाही.

पण हे सगळे विजय 'जाऊ नका' या मागणीचे होते. फौज जाऊन बसल्यावर मागणी काय?

एक गट म्हणाला, आत्ताच्या आत्ता बाहेर. दुसरा म्हणाला, तारीख ठरवून टप्प्याटप्प्याने. तिसऱ्या, सौम्य मनाच्या लोकांना वाटे की आपण मोडलंय तर आपणच जोडून द्यायला हवं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती गत. यातला शेवटचा युक्तिवाद सर्वांत चिवट होता, कारण तो कुठल्याही बातमीवर चालत असे. हिंसा वाढली की 'अशा वेळी सोडून कसं जायचं', आणि हिंसा उतरली की 'आत्ता कुठे जम बसतोय, सोडून कसं जायचं'. जो तर्क दोन्ही उलट पुराव्यांनी सिद्ध होतो, त्याच्याशी मोर्चा काढून लढता येत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर चळवळीकडेही पूर्ण उत्तर नव्हतं. जून २०१४ मध्ये मोसुल इसिसच्या हाती गेलं, ऑगस्टमध्ये सिंजारच्या डोंगरावर यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या लोकांची कोंडी झाली, तेव्हा 'बघा, सोडून गेल्यावर काय झालं' असं म्हणणारे पुढे आले. इसिसच्या सेनापतींत ब्रेमर यांनी घरी बसवलेले जुने लष्करी अधिकारी होते, तिचा म्होरक्या बगदादी २००४ मध्ये अमेरिकेच्याच बुका छावणीत कैदी होता, हे उत्तर खरं आहे. पण डोंगरावर तहानेने मरणाऱ्या माणसाला ते उत्तर पुरत नाही.

बाकीच्या अडचणी अमेरिकेच्या घरच्या होत्या. व्हिएतनामच्या वेळी सक्तीची भरती होती, त्यामुळे कॉलेजातल्या पोराला स्वतःच्या मरणाची भीती होती. इराकला गेलेली फौज पगारी स्वयंसेवकांची. तीच ती कुटुंबं, तीच ती गावं, पुन्हा पुन्हा पाठवली जाणारी. बाकी देश मॉलमध्ये. खर्चासाठी नवा कर नाही, उलट त्याच वर्षी करकपात. आणि पैसा वर्षानुवर्षं आणीबाणीच्या पुरवणी मागण्यांतून. पुरवणी मागण्यांच्या आड काय काय लपवता येतं, हे विधिमंडळाचं अधिवेशन फॉलो करणाऱ्या वाचकाला माहीत आहे. शवपेट्यांचे फोटो काढायलाही २००९ पर्यंत बंदी होती.

म्हणूनच ऑगस्ट २००५ मध्ये सिंडी शीहान यांनी जे केलं ते इतकं झोंबलं. त्यांचा मुलगा केसी एप्रिल २००४ मध्ये बगदादच्या सद्र सिटीत मारला गेला होता. बुश सुट्टीवर होते तिथे, टेक्ससमधल्या क्रॉफर्डला, त्या रस्त्याकडेला बसल्या. माझा मुलगा कोणत्या थोर कामासाठी मेला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. 'तुम्ही सैनिकांच्या विरोधात आहात' हा आरोप सैनिकाच्या आईवर करता येत नव्हता. परतलेले सैनिक आणि सैनिकांची कुटुंबं बोलू लागली तेव्हा चळवळीला पहिल्यांदा हुकमाचं पान मिळालं. आणि नेमकं तेव्हाच, डिसेंबर २००५ मध्ये, तिच्या दोन मोठ्या आघाड्या, 'युनायटेड फॉर पीस अँड जस्टिस' आणि 'आन्सर', यांनी यापुढे एकत्र काम करणं शक्य नाही अशी काडीमोड घेतली. व्यासपीठ कोणाचं, पॅलेस्टाइनचा प्रश्न त्याच मोर्चात घ्यायचा का, असे वाद. आपल्याकडच्या डाव्या चळवळींत उमेदवारी केलेल्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही.

यापेक्षा खोल खड्डा पक्षाचा होता. नोव्हेंबर २००६ मध्ये युद्धाला कंटाळलेल्या मतदारांनी अमेरिकी संसद डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती दिली. माघारीची तारीख घातलेलं निधीचं विधेयक बुश यांनी १ मे २००७ ला नाकारलं, जहाजावरच्या त्या भाषणाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. महिना संपायच्या आत त्याच संसदेने तारखेशिवाय पैसे मंजूर केले. शीहान यांनी त्यानंतर काही दिवसांतच चळवळीचा चेहरा म्हणून राजीनामा दिला. पुढे मायकेल हीनी आणि फॅबिओ रोहास या दोन संशोधकांनी मोर्चांतच फिरून हजारो लोकांना प्रश्नावल्या भरायला लावल्या. त्यांना दिसलं ते असं: २००७ मध्ये मोर्चातला साधारण निम्मा माणूस स्वतःला डेमोक्रॅट म्हणवत होता. ओबामा निवडून आल्यावर २००९ संपेपर्यंत तो पाचात एक इतका उरला. डिसेंबर २००९ मध्ये ओबामांनी अफगाणिस्तानात तीस हजार सैनिक वाढवले तेव्हा रस्ते जवळजवळ रिकामे. लोकांचा विरोध युद्धाला होता की बुश यांना, याचं उत्तर त्या रिकाम्या रस्त्यांनी दिलं.

आणि इराकी माणूस या चळवळीत कुठे होता? फार थोडा. जानेवारी २००४ मध्ये गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला होता. अरुंधती रॉय यांनी तिथे सुचवलं की इराकच्या विध्वंसातून नफा कमावणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या निवडू आणि जगभर त्यांच्या मागे लागू. पुढच्या २० मार्चच्या जागतिक निदर्शनांची हाकही मुंबईतून गेली. निदर्शनं झाली. कंपन्यांचं पुढे काही उभं राहिलं नाही. बसऱ्याच्या तेल कामगारांची संघटना मात्र ताब्यालाही विरोध करत होती आणि तेल परक्यांच्या हाती देणाऱ्या कायद्यालाही. जून २००७ मध्ये तिने संप केला. दाढीवाला बंदूकधारी आणि बोटाला शाई लावलेला मतदार या दोन चित्रांच्या मधला हा इराक. अमेरिकेतल्या काही कामगार संघटनांनी तिथल्या पुढाऱ्यांना बोलावून गावोगावी फिरवलं, पण टीव्हीला त्यात रस नव्हता. त्यातच बगदादमध्ये राहून साक्षीदाराचं काम करणाऱ्या शांततावाद्यांचं अपहरण होऊ लागलं. मार्च २००६ मध्ये त्यांतल्या टॉम फॉक्स यांचा खून झाला. अबू घरेब तुरुंगातल्या छळाचे फोटो बाहेर यायच्या आधी कैद्यांच्या छळाच्या तक्रारी गोळा केल्या होत्या त्या याच गटाने. असे लोक गेले आणि चळवळीचे कान गेले.

पुन्हा तो सतरा नंबर

मग फौज गेली कशाने? मोर्चांनी नाही, आणि 'मोहीम फत्ते' झाली म्हणूनही नाही.

१६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी गोळीबार केला. १७ इराकी मेले. हुकूम १७ मुळे त्यांच्यावर इराकी कोर्टात खटला भरता येईना. कायद्याच्या कलमांत कधी रस न घेतलेल्या सामान्य इराकीलाही त्या दिवशी 'संरक्षण' या शब्दाचा अर्थ कळला. नोव्हेंबर २००८ मध्ये बुश आणि इराकी सरकार यांच्यात करार झाला: जून २००९ अखेर फौजा शहरांबाहेर, २०११ अखेर देशाबाहेर. कंत्राटदारांचं संरक्षण त्यात गेलं.

२०११ मध्ये ओबामा सरकारला काही हजार सैनिक मागे ठेवायचे होते. बगदादमधले बरेच पुढारी खासगीत तयारही होते. पण अमेरिकेची अट होती की सैनिकांना इराकी कोर्टांपासून संरक्षण हवं आणि त्यावर संसदेची मोहोर हवी. निसूर चौकानंतर त्या ठरावावर हात वर करायला कोणी धजावेना. बोलणी तिथेच संपली.

शेवटचा ताफा १८ डिसेंबर २०११ च्या पहाटे कुवेतच्या हद्दीत शिरला. नासिरियाजवळच्या तळावरून रात्रीच्या अंधारात निघाला होता, शंभरावर गाड्या, सुमारे ५०० सैनिक. निघण्याआधी त्यांच्या दुभाष्यांनी नेहमीप्रमाणे आसपासच्या टोळीप्रमुखांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना फोन केले, रोजच्यासारख्या गप्पा मारल्या. फौज निघाली आहे, हे कोणालाच सांगायचं नव्हतं.